काउंटरमागचा कामगार

चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या खते-बियाण्यांच्या दुकानात मालक गल्ल्यावर बसतो. बिल फाडणारा, पोती मोजून देणारा, उधारीच्या तगाद्यापायी शेतकऱ्याची बोलणी खाणारा नोकर मात्र दिवसभर उभा असतो. तोही कामगारच, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही अनेकदा उमगत नाही. गिरणीचा भोंगा त्याच्यासाठी कधी वाजला नाही ना! १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाचे ९ तास आणि आठवड्याची पगारी सुट्टी हा नोकराचा हक्क मानला. दुकानात नोकर एक की पन्नास, असा भेद केला नाही. २०१७ च्या कायद्याने १० हून कमी कामगारांची दुकाने या संरक्षणातून वगळली. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर आणि दिवसाचे तास १० वर नेण्याचे ठरविले. तालुक्याच्या गावी वीस नोकरांची दुकाने असतात किती?

किमान वेतनाला मात्र संख्येची अट नाही. पक्षशाखांनी दुकाने बंद होण्याच्या वेळी या मुलांना गाठावे, हाती पडणारी रक्कम आणि सरकारी दर यांतील तफावत मांडून कामगार अधिकाऱ्याकडे दावे दाखल करावेत. दावा केला की नोकरी जाते, ही भीती खरी आहे. म्हणून एकट्यादुकट्याचा नव्हे, साऱ्या बाजारपेठेचा अर्ज एकदम गेला पाहिजे.