कुंपणाला कढीपत्ता का नको?

सोसायटीची बाग म्हटली की क्रोटन, ड्युरांटाचं कातरलेलं कुंपण आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी ठरलेलीच. खायचं झाड लावायचं तर गच्चीत, नाहीतर मागच्या नळापाशी. आपल्या परसात ही फाळणी नव्हती. सांडपाण्याच्या पाटाला अळू आणि कर्दळ शेजारीच वाढायची, आणि त्या शेजाराला कारणंही आहेत. दुधी, कारलं, भोपळा यांची नर-मादी फुलं वेगळी असतात. मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर मादी फुलामागचं कोवळं फळ बोटभर होऊन पिवळं पडतं आणि गळतं. त्यांना बोलावायला आसपास फुलझाडं हवीतच. झेंडूची मुळं तर मातीतल्या सूत्रकृमींनाही आवर घालतात. ‘भाजी गबाळी दिसते’ हा आक्षेप अर्धाच खरा: वाळलेला वेल वेळेवर काढला नाही तर दिसते, एरवी लाल माठाचा वाफा कोणत्याही क्रोटनच्या तोडीचा. ‘तोडून कोण नेणार?’ या भांडणाला उपाय म्हणजे सामायिक जागेत कढीपत्ता, गवती चहा, पुदिना असं खुडलं तरी पुन्हा फुटणारं लावावं. एकुलत्या एका दुधीसाठी कमिटीची बैठक कशाला? खरी अडचण वेगळीच आहे. कण्हेर सर्वांगी विषारी, आणि शोभेच्या झाडांवर फवारलेलं कीटकनाशक शेजारच्या कोथिंबिरीवरही उडतं. तेव्हा कण्हेर लांब ठेवा, रासायनिक फवारणी आधी बंद करा आणि रोपं पावसाच्या तोंडावर लावा.