पिंजऱ्याच्या कैवाऱ्यांस

पाखराची जागा पिंजऱ्यात आणि माणसाची घरात, ही वाटणी जणू ईश्वरानेच करून ठेवली आहे अशा थाटात बोलणारी मंडळी आमच्या दिल्लीतील सरकारी वसाहतीत थोडीथोडकी नाहीत. त्यांत मराठी मंडळींचा भरणा बराच आहे, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. आमच्या घरात एक पाखरू मोकळे हिंडते, ही गोष्ट त्यांना प्रथम गमतीची वाटली, पुढे विचित्र वाटली आणि आता तर ती गृहव्यवस्थेतील बेशिस्तीचे लक्षण ठरली आहे. एका स्नेह्यांनी चहाच्या वेळी आम्हांस सरळच विचारले, "अहो, तुम्ही पक्षी पाळला आहे, की पक्ष्याने तुम्हांला?" प्रश्न विनोदाचा होता, पण त्याच्या बुडाशी जे मत आहे ते विनोदाचे नाही. म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम पाखराची ओळख करून देतो. आम्ही या निवासस्थानाचा ताबा घेतला तेव्हा मागच्या व्हरांड्यात एक गंजका पिंजरा टांगलेला होता. आधीचे बिऱ्हाड बदली होऊन गेले होते. जाताना त्यांनी पडद्यांच्या कड्यासुद्धा मोजून नेल्या. पाखरू तेवढे ठेवून गेले. चौकीदाराने चार दिवस बाजरी घातली म्हणून ते वाचले. हाच आमचा बंड्या. वजन तीसचाळीस ग्रॅम, रंग निळा, नाकपुड्यांवरचा मांसल भागही निळा, अर्थात नर. जातीने बजरीगर.

आपल्याकडील बाजारात या पक्ष्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. ते चूक आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो पाण्याच्या आणि पिकल्या गवताच्या मागोमाग हजारोंच्या थव्याने शेकडो मैल भटकतो. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली पहिले जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, आणि तेथून या भटक्याचा जगभर पिंजऱ्यातला प्रवास सुरू झाला. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळा, पांढरा हे रंग माणसाच्या पैदाशीतून आले. ज्या पाखराच्या रक्तात मैलोगणती उड्डाण आहे त्याला आपण हात-दीड हात लांबीच्या तारेच्या पेटीत घालतो आणि वर म्हणतो, "किती सुखात आहे पाहा, आयते खायला मिळते!" आयते खायला तर तुरुंगातही मिळते.

येथे आपल्या देशी पोपटाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण पिंजऱ्याच्या कैवाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी बजरीगर नसतो, राघू असतो. गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट, आणि ज्याला बाजारात 'पहाडी' म्हणतात तो त्याचा थोरला भाऊ, हे दोघेही 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित आहेत; 2022 च्या दुरुस्तीनंतर ते त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आले. भारतीय पक्ष्यांचा व्यापार तर 1990-91 पासूनच बंद आहे. तेव्हा राघू विकणे, विकत घेणे, घरी पिंजऱ्यात ठेवणे हा अपराध होय. तो ज्यांच्या घरी होतो ते दिवसभर कचेरीत बसून इतरांच्या अर्जांवर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारीत असतात! "आमच्या आजोबांच्या घरी होता" हे त्यांचे उत्तर ठरलेले. आजोबांच्या घरी पुष्कळ गोष्टी होत्या. वसंतात झाडाच्या ढोलीत हात घालून, पिसे फुटण्यापूर्वीच पिले ओढून काढतात. त्यांतली कितीतरी बाजारापर्यंत पोचतही नाहीत. व्हरांड्यातल्या एका राघूमागे हा सगळा व्यवहार असतो.

बजरीगराला हा कायदा लागू नाही, कारण तो परदेशी. आणि त्याचे लहानसे घराणे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातीच वाढलेले आहे. पण म्हणून त्याला कसेही कोंबावे असे होत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम देशी-परदेशी असा भेद करीत नाही. प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणे, हे त्याच्या 11 व्या कलमाने क्रूरतेत मोडते. आता आम्ही विचारतो, पक्ष्याची 'वाजवी हालचाल' म्हणजे काय? एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडी मारणे? 2015 साली दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क आहे असे म्हटले, तेव्हा आमच्या कचेरीत त्यावर पुष्कळ हशा पिकला होता. हसणारांपैकी एकानेही घरी जाऊन पिंजऱ्याची लांबी मोजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

"पण मोकळे सोडले तर ते किती उपद्रव देते!" हा त्यांचा खरा आक्षेप. उपद्रव देते, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो; किंबहुना बंड्याच्या उपद्रवाची माहिती आमच्या विरोधकांहून आम्हांस अधिक आहे. कागदाची कड दिसली की तो कोपऱ्यापासून सुरुवात करून अशी एकसारखी नक्षी कातरतो की प्रवासभत्त्याच्या देयकाला झालर लावल्याचा भास व्हावा. टाचण्या, गुंड्या, पेनाचे टोपण, जे जे मेजावर सुटे असेल ते तो कडेपर्यंत ढकलीत नेतो, खाली पाडतो, आणि मान वाकडी करून ते कोठे पडले ते पाहतो. उचलून वर ठेवले की पुन्हा तेच. आम्ही वर्तमानपत्र वाचीत असलो की चष्म्याच्या काडीवर बसून ज्या ओळीवर आमची नजर असेल नेमकी तीच ओळ झाकतो. पोह्यांवरची कोथिंबीर आधी त्याची. भाकरीचे पीठ मळताना परातीच्या काठावर त्याची फेरी व्हावयाचीच. आमच्या मंडळींनी त्याला एकदा रागाने पदराने हाकलले, तर दुसऱ्या दिवसापासून त्याने पदराचे टोकच चावावयास घेतले.

हे सर्व उपद्रव खरे. पण उपद्रव हा शब्द आमचा आहे, त्याचा नव्हे. चोच ही पोपटाच्या कुळातील पाखराचा तिसरा हात. कुरतडणे, ढकलणे, चाचपणे, वर-खाली चढणे हे त्याचे दिवसभराचे काम. ते काम पिंजऱ्यात नाहीसे होत नाही. तिथे ते तारा चावण्यात आणि पुढे स्वतःचीच पिसे उपटण्यात जाते. आपण ते दुरून पाहतो आणि पाखरू 'शांत' झाले असे म्हणतो. शिवाय थव्याने राहणाऱ्या या जातीला एकटेपण सोसत नाही. बंड्याने आम्हांलाच थवा मानले आहे, म्हणूनच तो आमच्या मागोमाग खोलीतून खोलीत येतो. थव्यातला कुणी डोळ्यांआड झाला की साद घालावयाची, ही त्यांची रीतच आहे. आम्ही कचेरीस निघालो की दाराशी जो कलकलाट होतो तो तेवढ्याचसाठी.

पंख छाटण्याचा सल्ला देणारेही भेटतात. "दुखत नाही हो, नखे कापल्यासारखेच," असे ते म्हणतात. कापताना दुखत नसेल. पण उडता न येणारे पाखरू आपटते, पडते, घाबरट होते, आणि नुसत्या दाण्यांवर बसून खात राहिले की त्याच्या यकृतावर चरबी चढते. ज्या कृतीने पाखराचे पाखरूपणच जाते तिला नखे कापण्याची उपमा देणारांच्या भाषाज्ञानाविषयी आम्हांस शंका आहे.

तथापि 'मोकळे सोडा' याचा अर्थ 'दार उघडा ठेवा आणि विसरून जा' असा कोणी करील, तर त्यालाही आमचा तितकाच विरोध आहे. मोकळे पाखरू हे घरमालकाच्या शिस्तीवर जगते. छताचा पंखा हा आपल्याकडील घरांत त्याचा सर्वांत मोठा शत्रू. बंड्या बाहेर असेपर्यंत पंख्याचे बटण आम्ही चिकटपट्टीने बांधून ठेवतो. दिल्लीच्या मे-जूनमध्ये ही तपश्चर्या कशी असते ते येथील वाचकांस सांगावयास नको. खिडकीतल्या कूलरवर भागवितो. खिडक्यांना जाळी, न्हाणीघराचे दार बंद, बादलीवर झाकण, आरशावर कापड. न चिकटणाऱ्या मुलाम्याचा तवा घरातून काढून टाकला. तो अतिशय तापला की त्याचा धूर माणसाला फारसा जाणवत नाही, पण पाखरू थोड्याच वेळात दगावते. रात्री आणि घरी कुणी नसताना बंड्या त्याच्या मोठ्या पिंजऱ्यातच असतो. पिंजरा हे बिछान्यासारखे असावे, कोठडीसारखे नव्हे. आमचे भांडण पिंजऱ्याच्या तारांशी नाही, त्याच्या कायम बंद दाराशी आहे.

बोलण्याविषयीही लिहिले पाहिजे. परप्रांतातील आपल्या लोकांना मराठी बोलणाऱ्या पाखराचे फार अप्रूप. चोहोकडे हिंदी ऐकून कान किटले की निदान व्हरांड्यातून तरी 'विठू, विठू' ऐकू यावे, ही भावना आम्ही समजू शकतो. पण त्यासाठी पाखराला अंधारात ठेवून, भुकेले ठेवून धडे देणारे आम्ही पाहिले आहेत, आणि वर पाखरू बोलेना की "मठ्ठ आहे" म्हणून त्याचीच नालस्ती! बंड्याला आम्ही एक अक्षर शिकविले नाही. तो कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो, फोनची करतो, आणि आमच्या मंडळी आम्हांस जी हाक मारतात तिचीही करतो. 'अहो, ऐकलंत का' हे शब्द दिवसातून किती वेळा कानी पडतात याचा आम्हांस त्याच्यामुळेच प्रथम अंदाज आला. ज्यांना घरात मराठी ऐकावयाची आहे त्यांनी ती आधी आपल्या मुलांशी बोलावी. ती मुले आपसांत हिंदी बोलतात आणि आईबाप राघूला विठ्ठलाचे नाव पढवितात, हा देखावा आम्हांस पोपटाहून अधिक करुण वाटतो.

आणि शेवटी बदली. पिंजऱ्याचे कैवारी हे आपले हुकमी पान म्हणून टाकतात : आपण फिरते लोक, आज दिल्ली, उद्या गुवाहाटी, पाखराशी इतके गुंतून कसे चालेल? गुंतावयाचे नसेल तर आणू नका, एवढेच आमचे उत्तर. पण प्रत्यक्षात घडते ते निराळे. सामान बांधून झाले की काही मंडळी पाखरू मागे टाकून जातात, आणि ज्यांना धर्मबुद्धी अधिक ती गच्चीवर जाऊन, हात जोडून, त्याला 'मुक्त' करतात. बजरीगराला या देशातले पाणी ठाऊक नाही, दाणा ठाऊक नाही, थवा नाही. आणि दिल्लीच्या आकाशात घारी किती आहेत ते मान वर करून कुणीही मोजावे. कावळे आहेत, शिक्रे आहेत. निळे पाखरू तर दुरून डोळ्यांत भरते. ते पुण्य बहुधा संध्याकाळच्या आत संपलेले असते.

निवासस्थान सोडताना वीजदेयक चुकते केल्याचा दाखला घेतो, गॅसची जोडणी परत करतो, मुलांच्या शाळेचे दाखले काढतो. त्याच यादीत पाखराचे नाव लिहावे, आणि हुकूम हाती पडताच लिहावे, ट्रक दाराशी आल्यावर नव्हे. महाराष्ट्र मंडळाच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावावी. घेणारा मिळाला तर पंखा बंद ठेवाल काय, खिडक्यांना जाळी आहे काय, दिवसातून किती तास बाहेर काढाल, हे त्याला तोंडावर विचारावे, आणि उत्तरे पटली नाहीत तर संकोच न करता नकार द्यावा. आमची बदली झाली तर बंड्या आमच्याबरोबर येईल. नेता येणार नाही अशा ठिकाणी झाली तर त्या वेळेसाठी चिठ्ठी आम्ही आताच लिहून मेजाच्या खणात ठेवली आहे. तिची एक कड त्याने कुरतडली आहे; मजकूर शाबूत आहे.