हिरवी चकती म्हणजे रोम नव्हे

१/ पावसच्या एखाद्या परसात खणताना झिजलेली हिरवट चकती हाती आली, तिच्यावर मुखवट्यासारखे काही दिसले, की ‘कोकणात रोमन नाणे!’ अशी घोषणा करण्याचा मोह कुणालाही होईल. हा धागा त्या मोहाविरुद्ध आहे.

२/ रंग आणि वजन हा पुरावा नव्हे. रोमचे ‘अस’ हे तांब्याचे नाणे सुमारे ११ ग्रॅमचे; आपली शिवराईही साधारण त्याच घरातली. गंज तर दोघींवर सारखाच हिरवा चढतो.

३/ आधी मस्तक पाहा. ‘अस’वर सम्राटाला बहुधा पर्णमुकुट असतो, नीरोच्या काळापासून ‘दुपोंडियस’वर किरणांचा मुकुट येऊ लागतो. सुमारे २५ ग्रॅमचे पितळी ‘सेस्टर्शियस’ आकारानेच ओळखू येते.

४/ मग अक्षरे. मस्तकाभोवती सम्राटाचे नाव व पदव्या असतात. त्यांतील लोकाधिकारपदाचा क्रमांक मिळाला, तर वर्षही ठरवता येते. मागील बाजूस ‘एस’ व ‘सी’ म्हणजे ‘सिनेटच्या ठरावाने’. चौथ्या शतकातील लहान नाण्यांवर मात्र ती शोधू नका. तेथे तळाशी टांकसाळीची खूण पाहावी.

५/ ‘परकी अक्षरे आहेत, म्हणजे रोमनच’ हेही चूक. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर मस्तक आहे, ग्रीक अक्षरे आहेत; पण राजा नहपान आहे!

६/ कुणी म्हणेल, ‘पेरिप्लस’मध्ये कोकणकिनाऱ्याची बंदरे आहेत, मग नाणे का नसावे? असावे की! परंतु त्या व्यापारात मुख्यतः सोन्याचांदीची नाणी येत. कांस्य हे घरचे चिल्लर. उत्तरकालीन लहान कांस्यनाणी विपुल मिळाली ती तमिळनाडूत व श्रीलंकेत. म्हणूनच येथे दावा करणाऱ्यावर पुराव्याचे ओझे अधिक आहे.

७/ आणि चिंचेने घासणे हा तर अक्षम्य अपराध! आम्ल गंजाबरोबर अक्षरेही खाते. जागा, खोली, सोबतच्या वस्तू नोंदवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. खरेदीदार शोधत बसू नका. नाणे विकले की त्याचे गाव हरवते, आणि गाव हरवलेले नाणे इतिहासाला मुके असते.

८/ महाराष्ट्राचे रोमशी नाते कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतील पोसायडनच्या कांस्यमूर्तीने आणि तेरच्या रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्यांनी सांगितलेलेच आहे. त्याला खोट्या टेकूची गरज नाही. तुमची चकती शेवटी शिवराई ठरली, तर खट्टू का व्हावे? तीही वाचावीच लागते.