भीती यंत्राची की भिडेची?

साठी उलटलेल्या माणसाच्या हाती नवा स्मार्टफोन आला, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. बायका म्हणतात, 'मला नाही बाई त्यातलं काही कळत.' पुरुष म्हणतात, 'मला त्याची गरजच नाही.' दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. आणि ती उच्चारणारी माणसे काही अडाणी नसतात. एखादीने तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेले असते. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरपासून मायक्रोवेव्हपर्यंत प्रत्येक नव्या वस्तूला तिने वठणीवर आणलेले असते. मग परगावच्या लेकीला पडद्यावर पाहण्यासाठी एक बटण दाबताना तिचा हात का अडखळावा?

नव्या साधनांची धास्ती आपल्याला नवी नाही. दारात तारवाला दिसला, की तार उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा त्या धास्तीची आठवण अनेकांनी हसत हसत सांगितली. ट्रंक कॉल लागला, की माणसे जणू अंतर आवाजानेच कापायचे अशा थाटात ओरडून बोलत. पुढे एसटीडी बूथ आले, तेव्हा समोर पळणाऱ्या मीटरच्या भीतीने काय बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून नेणारे महाभागही होते. १९९५ साली आपल्याकडे मोबाइल आला आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही खुले झाले. म्हणजे आज साठीत असलेली पिढी ऐन तिशीत या वाटेवर उभी होती. फरक एवढाच, की काळा डायलचा फोन एकदा शिकला की आयुष्यभर पुरे. आजच्या फोनमधली बटणे मात्र दर काही महिन्यांनी जागा बदलतात. ज्येष्ठांची ही तक्रार रास्त आहे. ती हसण्यावारी नेऊ नये.

या बाबतीत बँकांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि पुढल्या काही वर्षांत शाखाशाखांतून यंत्रे दिसू लागली. मोत्यासारख्या अक्षरात लेजर लिहिणारी, शंभर आकड्यांची बेरीज तोंडी करणारी माणसे कीबोर्डसमोर बसायला कचरत. ती शिकली कशी? यंत्र आले म्हणून लेजर त्याच दिवशी अडगळीत गेले नाही. काही काळ दोन्ही चालू राहिली. दिवसभराच्या नोंदी वहीतही व्हायच्या आणि यंत्रातही, आणि संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे ताडून पाहायचे. आकडे जुळू लागले तशी धास्ती ओसरली. जुना हात सोडण्याआधी नव्या हाताची पकड बसू दिली, हे त्या पद्धतीतले शहाणपण. आणखी एक गोष्ट त्या काळात दिसली. जे स्वतः कीबोर्डवर बसले, ते चुकतमाकत तरबेज झाले. ज्यांचे काम शेजारचा तरुण सहकारी 'द्या साहेब, मी करतो' म्हणून करून देई, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

आपल्या घरांत नेमके हेच दुसरे घडते. आई विचारते, 'व्हिडिओ कॉल कसा लावायचा रे?' चिरंजीव तिच्या हातातून फोन घेतात, बोटे भराभरा फिरतात, आणि फोन परत करताना म्हणतात, 'एवढं सोपं तर आहे!' हे वाक्य धीर देण्यासाठी असते, पण आईला ते वेगळे ऐकू येते: एवढे सोपे आहे आणि तेही तुला येत नाही. दुसऱ्यांदा विचारताना ती संकोचते, तिसऱ्यांदा विचारतच नाही. यंत्राची भीती म्हणतात ती बरेचदा ही असते, आपल्याच मुलांपुढे अजाण ठरण्याची. 'भीड भिकेची बहीण' असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे, ते इथे तंतोतंत लागू पडते.

यात नुकसान काय, असे कुणी विचारील. कॉल तर लावून मिळतोच ना? कोकणातल्या गावांत एके काळी मुंबईच्या चाकरमान्याचे पत्र आले, की ते वाचून दाखवायला पोस्टमन किंवा गुरुजी लागत, आणि उत्तरही त्यांच्याच हातून लिहून घ्यावे लागे. त्या पत्रांत खुशाली असे, पिकापाण्याचे असे. पण परक्याच्या लेखणीतून त्या माउलीने मनातले किती सांगितले असेल? आज सुनेने किंवा नातवाने लावून दिलेल्या कॉलवर, त्यांच्यादेखत, आई लेकीशी तेवढेच बोलते. ज्याला स्वतः फोन लावता येतो, त्यालाच एकांतात बोलता येते. प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि या एकांताचा जास्त आहे.

वय आड येते म्हणावे, तर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर कितीतरी आजी-आजोबा पडद्यावर भेटू लागले, भजनी मंडळेही फोनवर भरू लागली. गरज भिडेपेक्षा मोठी झाली, एवढेच.

तेव्हा शिकावे कसे? एका वेळी एकच गोष्ट. पहिला व्हिडिओ कॉल अमेरिकेला न लावता शेजारच्या खोलीत बसलेल्या नातवाला लावावा. चुकून लागलेला कॉल तोडता येतो. व्हॉट्सॲपवर चुकून गेलेला संदेश सुमारे दोन दिवस दोन्हीकडून पुसता येतो. टाइप करणे जमत नसेल तर मराठीत बोलावे. गुगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठी बोलणे अक्षरांत उमटते. आणि पायऱ्या आपल्या अक्षरात वहीत लिहून ठेवाव्यात. मुले हसतील, हसू द्यावे. शिकवणाऱ्यासाठी नियम एकच: हात पाठीमागे बांधून बसायचे आणि फोनला बोट लावायचे नाही.

एक भीती मात्र जपावी, फसवणुकीची. बोलण्यातली चूक सुधारता येते, खात्यातून गेलेले पैसे परत मिळणे कठीण. म्हणून आधी संवाद शिकावा, पैशांचे व्यवहार नंतर. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ओटीपी कुणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगायचा नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून दरडावणारा भामटाच समजावा आणि फोन ठेवून द्यावा. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये, लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. तिथेही भीडच घात करते.

आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. दुपारच्या चहानंतर आईच्या किंवा वडिलांच्या हाती फोन द्यावा, आपण शेजारी बसावे आणि पहिला कॉल त्यांना लावू द्यावा. दहा मिनिटे लागतील. आपल्याला पाटीवर 'ग म भ न' गिरवायला शिकवताना त्यांना याहून अधिक वेळ लागला होता. आणि कॉल लागला, की आपण उठून दुसऱ्या खोलीत जावे.