रक्ताला दोष देण्यापूर्वी

माणसाचे वर्तन जन्माने घडते की संगोपनाने, हा वाद फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ मध्ये बुद्धिमत्ता घराण्यातून उतरते असा सिद्धान्त मांडल्यापासून अभ्यासकांत चालू असला, तरी भारतात इंग्रज सरकारने त्यानंतर दोनच वर्षांत कायदा करून त्याचा निकाल परस्पर लावून टाकला. जातीचा धंदा बापाकडून मुलाकडे जातो तसा गुन्हाही जातो, असे गृहीत धरून १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली आणि पारध्यांसारख्या जमातींच्या वाट्याला पोलिसांची हजेरी व हालचालींवरील बंधने आली. स्वतंत्र भारताने हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. समज मात्र रद्द झाला नाही. कैद्यांना जातीवरून वेगळे वागवणारे आणि या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवायला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

या समजाची खरी परीक्षा ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली चालू आहे. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी २०१६ मध्ये तेथे सिग्नल शाळा सुरू केली. मराठवाड्यातील दुष्काळी भागातून पोट भरण्यासाठी आलेल्या आणि पुलाखालीच राहणाऱ्या कुटुंबांची, बहुतांशी पारधी समाजाची, सिग्नलवर फुले-गजरे विकणारी मुले येथे शिकतात. या शाळेला अक्षरओळखीच्या आधी आंघोळ, स्वच्छ कपडे आणि पोटभर खाणे यांची सोय करावी लागली, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. शिवाय पारधी मुलाची घरची बोली गुजरातीच्या जवळची असल्याने मराठी माध्यमाचा पहिला धडा त्याच्यासाठी परभाषेतील धडा असतो, आणि त्या धड्यात तो अडखळला की त्याला मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर बसवणाऱ्यांना आपण भाषेची अडचण बुद्धीच्या खाती मांडत आहोत, हे उमगत नाही. याच शाळेतील मुले पुढे दहावी उत्तीर्ण झाली. पूल तोच होता आणि आईबापही तेच होते.

येथे आनुवंशिकतेचे प्रमाण ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या समूहातील माणसांमाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा जनुकांमधील फरकाचा आहे, हे ती सांगते. अमुक एका मुलाची बुद्धी किती टक्के आईबापांकडून आली, हे तिच्यावरून काढता येत नाही. हे प्रमाण परिस्थितीनुसार बदलूही शकते. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सुस्थितीतील घरांत बुद्ध्यंकातील फरकांचा मोठा भाग जनुकांनी उलगडत होता, तर अत्यंत गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला होता. एकाच वाणाचे भात खाचरात आणि कातळावर पेरले, तर पिकातल्या फरकासाठी बियाण्याला जबाबदार धरता येत नाही, इतकी ही गोष्ट साधी आहे.

अर्थात सारे काही संगोपनावर टाकणेही तितकेच क्रूर ठरले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले जात होते, आणि १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या अभ्यासातून तिच्यामागील आनुवंशिक कारणांकडे लक्ष वेधले, तोपर्यंत असंख्य मातांनी तो दोष निमूटपणे सोसला होता. म्हणून जनुकांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. नाकारायचे आहे ते ‘खाण तशी माती’ म्हणत एका मुलाच्या माथी साऱ्या जमातीचे भविष्य मारणे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित बिगर-अल्पसंख्याक शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील शाळाही त्याला अपवाद नाहीत. या जागांवर येणाऱ्या मुलाशेजारी आपले मूल बसू नये म्हणून शाळेकडे शब्द टाकणारा पालक १८७१ चाच कायदा वर्गात परत आणत असतो. पालकांनी हा आग्रह सोडावा, आणि शिक्षकांनी अशा मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याची घरची बोली कोणती आहे, तो सकाळी काही खाऊन आला आहे का, एवढे तरी त्याला विचारावे.