आमच्या शाळांना समाजकार्यकर्ती का नको?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील बालवर्गात शिकणाऱ्या दोन चिमुकल्या मुलींवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त पालक आणि नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांसाठी आदेश काढला: कॅमेरे बसवा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासून घ्या. धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापक या नात्याने आम्ही तो वाचला आणि आज्ञाधारकपणे कॅमेरे बसविले. पालकसभेत टाळ्या पडल्या. आमच्या कार्यालयातील पडद्यावर आता सोळा चौकटी दिसतात. कोणत्या चौकटीत कोणता जिना, हे शिपायाला तोंडपाठ आहे.

कॅमेऱ्यांना आमचा विरोध नाही. परंतु त्या टाळ्या ऐकताना आम्हांला लाज वाटली, आणि ती का वाटली हे या अंकाच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅमेरा जिन्यावरून उतरणारे मूल पाहतो. ते मूल गेला महिनाभर डबा न खाता परत का नेते, हे तो विचारीत नाही. तक्रारपेटीची गोष्ट तर बोलायलाच नको. जिला अजून आपले नाव नीट लिहिता येत नाही, त्या मुलीने चिठ्ठी लिहून ती पेटीत टाकावी, अशी आमची अपेक्षा! बदलापूरचे प्रकरणदेखील प्रथम कळले ते मुलींच्या घरच्या माणसांना, कोणत्याही यंत्राला नव्हे.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. ती आमच्या कमीपणाची आहे.

२००३ साली आम्ही एका शाळेचे व्यवस्थापक होतो. आठवीतला एक मुलगा रोज उशिरा येई आणि तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपे. त्याच्या रोजनिशीत लाल शाईचे शेरे पडले, त्याला वर्गाबाहेर उभे करण्यात आले, आणि आम्ही स्वतः त्याला दोनदा छडी मारली. शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करणारा शिक्षणहक्क कायदा २००९ साली आला; पण ही सबब म्हणून सांगत नाही. त्याच वर्षी समाजकार्य महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून दोन दिवस आमच्या शाळेत येऊ लागली होती. तिला बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही तिला प्रयोगशाळेच्या बाजूची अडगळीची खोली दिली. एके दिवशी ती कार्यालयात आली आणि म्हणाली, “फादर, हा रात्री झोपतो का, हे त्याला कुणी विचारलंय?”

कुणीही विचारले नव्हते. ती मुलाच्या घरी गेली. वडील बोटीवर, आई औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात रात्रपाळीला. घरात दूरच्या नात्यातला एक काका राहावयास आलेला. तो दारू पिऊन मध्यरात्री परते. मुलाची बहीण नऊ वर्षांची. तो मुलगा रात्रभर तिच्या दाराशी बसून राही, आई सकाळी आली की तासभर झोपे आणि मग धावत शाळेत येई. त्याने हे कुणाला सांगितले नव्हते. सांगायचे कोणाला? वर्गशिक्षकांना साठ मुले होती. आमच्यापाशी छडी होती.

त्या विद्यार्थिनीने आरडाओरडा केला नाही. ती आईला गाळ्याच्या फाटकापाशी भेटली, मावशीला भेटली, दोघींना एकत्र बसविले. आठ दिवसांत काकाला घर सोडावे लागले. मुलाला पहिल्या तासाची सवलत मिळाली. महिन्याभराने ती लागेनाशी झाली. एप्रिलमध्ये तिचे क्षेत्रकार्य संपले. जाताना तिने आम्हांला एक अर्ज दिला: शाळेत अशी एक कायमची जागा निर्माण करावी. आम्ही तो वाचला, कौतुक केले, आणि पैसा नाही असे लेखी उत्तर दिले. त्याच वर्षी आम्ही शाळेला नवी दगडी कमान बांधली. कमान आजही उभी आहे.

‘समाजकार्यकर्ती’ हा शब्द उच्चारला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे साड्या नि वह्या वाटणाऱ्या बाई उभ्या राहतात. हा शब्दाचाच घोटाळा आहे. मोठ्या सरकारी इस्पितळात ज्यांचा रुग्ण दाखल झालेला आहे, त्यांना ‘सोशल वर्कर’ची खोली ठाऊक असते, औषधाच्या पैशांपासून घरी परतलेल्या रोग्याची देखभाल कोण करणार इथपर्यंत तेथे विचारपूस होते. शाळेत हेच काम करणारी, त्याचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती, एवढाच आमच्या म्हणण्याचा अर्थ. अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास न्यू यॉर्क, बोस्टन आदी शहरांत हे काम सुरू झाले, तेव्हा या बायांना ‘भेटीला जाणारी शिक्षिका’ म्हणत. नाव नेमके होते. समुपदेशक आपल्या खोलीत मुलाची वाट पाहतो. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. समाजकार्यकर्ती मात्र उठून मुलाच्या घरी जाते, वस्तीत जाते, लागल्यास पोलीस ठाण्यात आणि बालकल्याण समितीपुढे मुलासोबत बसते. शंभरातले एक मेंढरू हरवले तर मेंढपाळाने काय करावे, हे ज्यांना दर वर्षी प्रवचनातून ऐकावे लागते, त्यांना हा फरक अधिक फोडून सांगायला नको.

आणि ही विद्या परकी आहे असेही नाही. समाजकार्याचे शिक्षण देणारी या देशातील पहिली संस्था १९३६ साली मुंबईत नागपाड्याला निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५५ साली तर ‘मेरीच्या हृदयाच्या कन्या’ या संघाच्या धर्मभगिनींनी न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय काढले. म्हणजे सत्तर वर्षे आमच्याच धर्मभगिनी या कामासाठी माणसे घडवीत आल्या आहेत. ती माणसे इस्पितळांत गेली, न्यायालयांत गेली, झोपडपट्ट्यांत गेली. आमच्या काही शाळांनीही त्यांना नेमले, हे मान्य. उरलेल्या शाळांचे काय?

उत्तरे आम्हांला पाठ आहेत, कारण ती आम्हीच देत आलो.

पहिले उत्तर: आमचे शिक्षक आईबापांसारखे आहेत. असतीलही. परंतु जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापाशी मूल आपली लाज उघडी करीत नाही. आणि कधीकधी भीती त्या शिक्षकाचीच असते.

दुसरे उत्तर: आमच्याकडे धर्मगुरू आहेत, मुले कुमसारला येतात, मन मोकळे करतात. याचा विचार आमच्या बांधवांनी शांतपणे करावा, कारण इथे आम्ही स्वतःच्या खुर्चीविषयी बोलत आहोत. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाही. ती मोहर मोडणारा त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो. ही मोहर आम्हांला प्राणाहून प्रिय आहे आणि ती ढिली व्हावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पण म्हणूनच विचारतो: अत्याचार सोसणाऱ्या मुलाला बोलण्यासाठी आपण हीच एक जागा ठेवावी काय? तिथे बसलेल्या माणसाचे हात बांधलेले आहेत. फार तर तो मुलाला म्हणेल, बाळा, हे बाहेर येऊन कुणाला तरी सांग. बरे, बाहेर कोण आहे? त्या जाळीच्या पलीकडे, शाळेच्या आवारात, त्या मुलाचे ऐकायला कोणी बसलेले आहे काय? शिवाय त्याच्यावर अन्याय करणारा मोठा माणूस असताना, मुलाने स्वतःचे ‘पाप’ सांगण्याच्या जागी ती गोष्ट सांगावी, यात त्याच्या कोवळ्या मनात केवढा गोंधळ माजत असेल! दोष आपलाच, अशी समजूत घेऊन ते आधीच आलेले असते. समाजकार्यकर्तीही मुलाची गोष्ट चावडीवर नेत नाही; परंतु मुलाच्या जिवाला वा शरीराला धोका असेल तर आपल्याला गप्प बसता येणार नाही, हे ती पहिल्याच भेटीत त्याला सांगते. दोन्ही कान हवेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

तिसरे उत्तर कुणी मोठ्याने देत नाही. संस्थेचे नाव खराब होईल, हे ते उत्तर. आमची माणसे वाईट नाहीत. ती संस्थेवर प्रेम करतात, आणि त्या प्रेमापायी ‘आपसांत मिटवू’ असे म्हणतात. कायद्याला हे प्रेम समजत नाही. ‘पोक्सो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या १९ व्या कलमानुसार, बालकावर असा अपराध झाल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा अपराध दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरात संस्थाचालकांवरही घटना न कळविल्याबद्दल गुन्हा नोंदविला गेला. सद्भावनेने कळविणाऱ्याला मात्र हाच कायदा संरक्षण देतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, मुलाचा विश्वास असलेले माणूस शेजारी असावे, अशा कितीतरी मायेच्या तरतुदी त्यात आहेत. त्या आमच्यातल्या किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहेत? प्रशिक्षित समाजकार्यकर्तीला त्या ठाऊक असतात. राहता राहिली ख्रिस्तसभा. झाकपाकीची किंमत जगभर तिने किती मोजली, हे लपलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हे फर्मान काढून धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर अशा गोष्टी वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, आणि देशाच्या कायद्याने लादलेली कर्तव्ये त्यामुळे कमी होत नाहीत असेही त्यात स्पष्ट केले. तेव्हा गप्प राहणाऱ्याला आता ना राज्याचा आधार आहे, ना धर्माचा.

चौथे उत्तर पैशाचे. अनुदानित शाळेत मंजूर पदांचा पगार शासन देते, आणि आम्ही चालविलेल्या शाळांच्या मंजूर पदांत हे पद कधी नव्हते. खरे आहे. पण २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. आमच्या कोणत्या शाळेत शंभराहून कमी मुले आहेत? शासनाकडे हे पद मागत राहावे. मंजुरी येईपर्यंत मुलांनी थांबावे, असे मात्र म्हणू नये. सणाचा मांडव, रोषणाई आणि बँड यांची बिले आम्ही सही करून चुकविली आहेत, त्यामुळे धर्मग्रामापाशी पैसा नसतो असे आम्हांला तरी कुणी सांगू नये. एका शाळेला झेपत नसेल तर शेजारच्या तीन धर्मग्रामांनी मिळून एक व्यक्ती नेमावी. दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे.

नेमल्यावरही एक धोका राहतो आणि तो आम्ही जवळून पाहिला आहे. शिक्षक रजेवर गेले की ‘बाई रिकाम्याच आहेत’ म्हणून तिला वर्गावर पाठवायचे, स्नेहसंमेलनाचे निवेदन तिच्या गळ्यात घालायचे, परीक्षेला पर्यवेक्षक करायचे, आणि वर्षाखेरीस विचारायचे की हिने केले काय? तिची खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून नसावी. तिथे शिरणाऱ्या मुलाकडे साऱ्या शाळेचे लक्ष जाते. दाराला काच असावी, आतले दिसावे पण ऐकू येऊ नये. आणि तिने अहवाल केवळ मुख्याध्यापकांना वा व्यवस्थापकांना देऊ नये, कारण उद्या तक्रार त्यांच्याच विरुद्ध असू शकेल, आमच्याही विरुद्ध असू शकेल. पालकांचा प्रतिनिधी आणि संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती असलेल्या छोट्या समितीला ती उत्तरदायी असावी. यावर एका सहकारी धर्मगुरूंनी आम्हांला विचारले, “म्हणजे आपल्याच शाळेत आपल्यावर नजर ठेवायला माणूस नेमायचा?” होय, फादर. त्यासाठीसुद्धा.

आमच्या धर्मग्राम परिषदेच्या गेल्या बैठकीत या पदासाठी वर्षाच्या पगाराची तरतूद करण्यात आली. प्रयोगशाळेच्या बाजूची खोली रंगवून घेतली आहे. त्यामुळे यंदाच्या सणाला चर्चच्या दर्शनी भागाची रोषणाई होणार नाही आणि बँडही एकच असेल. या निर्णयाविरुद्ध ज्यांची तक्रार असेल, त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात येऊन आम्हांला भेटावे.