क्यू आहे, यू नाही

स्क्रॅबलच्या डावात हाती क्यू यावा आणि यू कुठेच नसावा, यासारखी पंचाईत नाही. क्यूचे गुण दहा, पण तो टेकवायचा कुठे? अशा वेळी हल्ली हात हळूच मोबाइलकडे जातो. जवळची सात अक्षरे भरली की त्यांतून होणारे सगळे इंग्रजी शब्द गुणांच्या उतरत्या क्रमाने मांडून देणारी साधने फुकट मिळतात. मध्ये क्यू हवा, शेवटी टी हवा, पाचच अक्षरे हवीत, अशा अटीही ती निमूट पाळतात. मग घरात वाद पेटतो: ही लबाडी की नाही?

समोर माणूस खेळत असेल तर लबाडीच. मात्र तिच्याविरुद्ध जे कारण हिरिरीने पुढे केले जाते, ते पोकळ आहे. म्हणे, असे आयते शब्द मिळाले तर मुलांचे इंग्रजी कसे सुधारणार? स्क्रॅबलने इंग्रजी सुधारते, हे मुळात ठरवले कुणी? आपल्याकडे वाढदिवसाला हा खेळ आणणारे पालक याच आशेवर खिसा सैल करतात. ल्युडो म्हणजे टाइमपास आणि स्क्रॅबल म्हणजे अभ्यास, अशी काहीतरी वाटणी त्यांच्या मनात असते.

खेळाचा जन्मच वेगळे सांगतो. आल्फ्रेड बट्स हे महामंदीत काम गेलेले न्यूयॉर्क राज्यातले वास्तुविशारद. त्यांनी वर्तमानपत्राची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून सोंगट्या नि गुण ठरवले. ई बारा, क्यू एकच. एस इंग्रजीत भरपूर, पण जो तो शेवटी एस चिकटवून अनेकवचने करील म्हणून तो चारच ठेवला. शंभर सोंगट्यांची ही सगळी रचना मोजणीतून आली. अर्थाचा तिथे संबंध नाही.

यावर कुणाचा विश्वास नसेल तर त्याने न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांच्याकडे पाहावे. इंग्रजीतले जगज्जेतेपद त्यांनी अनेकदा मिळवले आहेच. 2015 मध्ये ते फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्दकोशातले शब्द काही आठवड्यांत पाठ केले होते, एवढेच. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. आता शब्द शोधून देणारे यंत्र आणि रिचर्ड्स यांत फरक काय? फरक आहे, आणि तो फार मोठा आहे: यादी एकाच्या डोक्यात असते, दुसऱ्याच्या खिशात. पण भाषेच्या ज्ञानाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच गैरलागू. मोठ्या स्पर्धांत शब्दाला आव्हान दिले तर संगणक फक्त चालतो की नाही एवढेच सांगतो. अर्थ कुणी विचारतही नाही.

यादी तरी कशी? यूशिवायचा क्यू चालवायला तिच्यात कोणते शब्द सापडतात ते पाहा. एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीर. क्यू-ए-डी-आय, म्हणजे काझी. शिवाय निकाब. लाख, रोटी, घी हेही इंग्रजी म्हणून राजरोस चालतात. तेव्हा शाळेत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या पोराकडे या खेळातली दहा-दहा गुणांची शिदोरी आधीच असते. स्पेलिंग तेवढे कुणीतरी सांगायला हवे. यादी चाळण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि तो डाव संपल्यावर घ्यावा. हातून काय निसटले, हे खेळाडूला तेव्हाच कळते.

वर्डल या शब्द ओळखण्याच्या खेळाची गोष्ट मात्र निराळी. जोश वॉर्डल यांनी हा खेळ जोडीदार पलक शाह यांच्यासाठी रचला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे बारा हजार. त्यांतले ओळखीचे कोणते, हे पलक यांनी निवडले आणि उत्तरांसाठी अडीचेक हजारच उरले. न्यूयॉर्क टाइम्सने 2022 च्या जानेवारीत हा खेळ विकत घेतला, त्याआधीच त्याने जगाला वेड लावले होते. त्याचे कारण मला या चाळणीतच दिसते. इथे शब्द एका माणसाच्या ओळखीतून आलेला असतो, म्हणून दुसऱ्या माणसाला तो अंदाजाने गाठता येतो. यंत्राला विचारावे तर ते भलतेच, कुणीही न बोललेले शब्दही त्याच गांभीर्याने पुढे करते. शिवाय इथे समोर प्रतिस्पर्धी नाही, त्यामुळे फसवायचे कुणाला हाही प्रश्नच. बरोबर अक्षरांच्या हिरव्या चौकटींची रांग सकाळी सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची असेल, तर अर्थात उत्तर सोपे आहे.

राहता राहिले बट्स. त्यांचे स्पेलिंग बेताचेच होते, आणि त्यांनीच शोधलेल्या खेळात पत्नी नीना त्यांना हरवत असत.